पाकिटातली संख्या

"काम संपल्याशिवाय इंदूला द्यायचं नाही, असं बजावून गेले," म्हणत सरांच्या पत्नी दामलेकाकूंनी सरांचं सीलबंद पाकीट इंदुमतीच्या हाती दिलं. "जातानाही नियम सोडला नाही." सरांना जाऊन महिना झाला होता.

अवकाशाची बारीक जाळी मांडून, प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क कणांना बांधून ठेवणाऱ्या बलातून प्रोटॉनचं वस्तुमान काढायला कॉम्प्युटर सहा वर्षं राबला होता. ठाऊक असलेल्या उत्तराकडे कुणाचा कल जाऊ नये, म्हणून सरांनी सगळे आकडे एका गुप्त संख्येने गुणून ठेवले होते. ती संख्या एकट्या सरांना ठाऊक होती, आणि लिहून या पाकिटात ठेवलेली होती.

हॉस्पिटलात इंदुमतीने आलेलं उत्तर वाचून दाखवलं, तेव्हा सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. चुकलंच असणार, असं समजून ती घरी येऊन रडली होती. तरी उरलेली पडताळणी तिने पुरी केली.

आता तिने पाकीट फोडून भागाकार केला. प्रयोगशाळेत मोजलेल्या वस्तुमानाशी उत्तर जुळलं.

"मग तोंड का फिरवलं त्यांनी?"

"हसू लपेना म्हणून गं. तू गेल्यावर माझ्याकडे श्रीखंड मागितलं. कशाचा आनंद, ते काही सांगेनात." काकू पदराशी चाळा करत राहिल्या. "साखर वाढली होती. मी दिलं नाही."