पलीकडचा ठिपका

उद्या शाळेचं प्रदर्शन होतं. मोटरवर उघडझाप करणारी झडप लेझरच्या किरणाशी नेमकी जुळली, तरच शर्लिनचा प्रयोग चालणार होता. म्हणून निवृत्त दिनानाथ सरांनी एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात भरदुपारी पडदे ओढून उदबत्ती लावली होती.

"किरण एरवी दिसत नाही, बाळा. वाटेत धूर आला की दिसतो."

"म्हणजे एरवी लपूनछपून जातो?"

सर हसले. "झडप केसभर डावीकडे घे. घाई नको."

तिने घेतली. झडप उघडली, मिटली. समोरच्या भिंतीवरचा लाल ठिपका पेटला, विझला. खूश होऊन तिने लेझर बंद केला.

धुरातली रेघ मात्र गेली नाही. ती आता भिंतीतून निघून मिटलेल्या झडपेपर्यंत येत होती, आणि झडपेच्या पलीकडच्या अंगावर, अगदी कडेला, एक लाल ठिपका थरथरत होता. त्या भिंतीमागे खोली नव्हती, नुसतं आभाळ होतं.

ठिपका केसभर डावीकडे सरकला. थांबला. पुन्हा सरकला. त्यालाही घाई नव्हती.

"सर, तिकडून पण कुणीतरी जुळवतंय," शर्लिन कुजबुजली. "उघडून बघू?"

मुलांना जन्मभर 'करून बघ' सांगत आलेल्या सरांनी तिचं बोट झडपेच्या बटणावरून अलगद उचललं आणि मुठीत धरून ठेवलं.

ठिपका झडपेच्या मधोमध येऊन स्थिरावला.

बोट अजून सरांच्या मुठीतच होतं, आणि झडप टक् करून उघडली.