बसायचं काम

"पुलावर पाय ठेवू नका. ऐकताय का? ओव्हर."

ऑपरेटरनं बटण सोडलं. नुसती खरखर. त्यानं लगेच वायरलेस सेटवर दुसरा बँड लावला, तेच सांगितलं, जेमतेम कान दिला आणि तिसऱ्यावर गेला.

पुलाचा मधला खांब खचल्याची बातमी ठाण्यावर आत्ताच आली होती. गस्तीची तुकडी सकाळपासून पलीकडच्या खोऱ्यात होती, आणि परतीची वाट त्याच पुलावरून होती. तुकडीचा सेट ज्याच्या पाठीवर होता, तो ऑपरेटरचा धाकटा मेहुणा. सुट्टी संपवून निघताना बायको म्हणाली होती, "माझ्या भावाला सांभाळा." त्याआधी तिनं टीव्हीचा रिमोट त्याच्या हातातून काढून घेतला होता. हा माणूस एक चॅनेल धड बघू देईल तर शपथ, म्हणे.

आताही तेच चाललं होतं. पहिला, तिसरा, दुसरा, परत पहिला. त्यानं अँटेना हलवून पाहिली, बॅटरी बदलली. बायकोला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

सिग्नलचे जुने हवालदार आत आले. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. थोडा वेळ बघून त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"पहिल्या बँडवर ठेव. आणि हात काढ."

"वस्ताद, ते दुसऱ्यावर असले तर?"

"तर येतील. संपर्क तुटला की बँड बदलत फिरायचं काम त्यांचं. ठाण्याचं काम बसायचं. तू आहेस तिथंच थांब."

हा नियम तो स्वतः नव्या पोरांना शिकवायचा. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबले. वस्ताद खुर्ची ओढून निवांत बसले, त्याचा त्याला राग आला.

खरखर तुटली. मेहुण्याला धाप लागली होती, आणि वायरलेसवर नातं बोलायचं नसतं हे तो साफ विसरला होता.

"दाजी, अहो होतात कुठं? सगळे बँड पालथे घातले. ठाण्यावर काही बरंवाईट झालं म्हणून आम्ही धावत सुटलोय. हा काय, पूल आलाच."

ऑपरेटरनं बटण दाबलं.

"आहात तिथंच थांबा."