रेशनकार्डावरची सून

“तुमच्या मुलाचं लग्न झालेलं आहे,” भाऊसाहेब म्हणाले आणि चष्म्यावरून बघत राहिले.

म्हस्कूला आधी वाटलं, कारकून चेष्टा करतोय. पण दौंडच्या तहसील कचेरीत भरदुपारी चेष्टा कोण करतं? त्यानं बायकोकडं पाहिलं. रंगुबाई दाराशी खाली मान घालून उभी होती.

“न्हाई हो भाऊसाहेब. लगीन व्हायचंय. त्याच्यासाठीच तर दाखला पायजे. आमचा मच्छिंद्र जर्मनीत फिटर हाय. तिथलीच पोरगी पसंत केलीया त्यानं. तिथलं सरकार म्हनतं, आधी लगीन झालेलं न्हाई असं गावाकडनं लिवून आना. म्हैन्याच्या आत.”

“मग ही चांगुणा कोण?”

भाऊसाहेबांनी रेशनकार्ड पुढं सरकवलं. रहिवासाचा पुरावा म्हणून म्हस्कूनं स्वतःच्या हातानं आणून दिलेलं! मच्छिंद्र म्हस्कू, मुलगा, वय बावीस. त्याच्याखाली चांगुणा मच्छिंद्र, सून, वय अठरा.

बहात्तरच्या दुष्काळात रेशन पुरेना, तेव्हा म्हस्कूनं कार्डावर एक माणूस वाढवलं होतं. माणूस कुठलं, नुसतं नाव. ते रंगुबाईनं सुचवलं होतं. दुकानदारानं विचारलं, सूनबाई दिसत नाहीत, की दोघं म्हणायची, माहेरी गेलीय शिरूरला. चार वर्षं बिचारी माहेरीच होती. दुष्काळ सरला, पण नाव काढायचं कुणाला सुचतंय?

“मेली म्हना,” म्हस्कू घाईघाईनं म्हणाला.

“मग मृत्यूचा दाखला आणा. आणि मुलगा विधुर होईल. तसं लिहू?”

“विधुर? आन् लगीन न करता?”

“बरं, सोडचिठ्ठी झाली म्हणता का?”

“कुनाशी?”

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. म्हस्कूचं डोकं पार चक्रावलं. नसलेली बाई मरत नव्हती, नांदायचं सोडत नव्हती, आणि खरं बोलावं तर सरकारला फसवल्याचा गुन्हा. असली सून वैऱ्याच्या घरीसुद्धा नको!

रंगुबाईचं मन मात्र भलतीकडंच चाललं होतं. मच्छिंद्रचं पत्र आल्यापासून तिला घास गोड लागत नव्हता. पोरगं तिकडचं झालं की गेलंच म्हणायचं. काहीतरी व्हावं आणि हे लग्न मोडावं, असं ती रोज घोकत होती. आता ते आपोआप होत होतं. तिनं फक्त तोंड मिटून उभं राहायचं. दाखला नाही म्हणजे लग्न नाही, आणि लग्न नाही म्हणजे मच्छिंद्र आज ना उद्या घरी. तिला फार मोह झाला.

“बाई, तुम्ही सांगा,” भाऊसाहेब तिच्याकडं वळले. “मुलाचं लग्न झालंय की नाही? तुम्ही म्हणाल ते लिहितो.”

रंगुबाईला मच्छिंद्रचं पत्र आठवलं. त्यात पोरानं लिहिलं होतं, आई, इथं एकट्याला लई जड जातं गं. शेजारच्या मास्तरांकडून तिनं तेवढंच वाक्य तीनदा वाचून घेतलं होतं.

“न्हाई झालं,” ती म्हणाली. “ती चांगुना आमी पोटासाठी लिवली. नाव मीच दिलं. काय शिक्षा करायची ती मला करा, पर पोराचा कागद अडवू नगा.”

म्हस्कू आ वासून बघतच राहिला. भाऊसाहेबांनी लाल शाईनं चांगुणावर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, नोंद नजरचुकीने. म्हस्कूची सही घेतली, रंगुबाईचा अंगठा घेतला. “साहेबांची सही झाली की चार वाजता दाखला घेऊन जा,” ते म्हणाले.

म्हस्कूच्या जिवात जीव आला. त्यानं दोन्ही हात जोडले. भाऊसाहेबही जरा सैल झाले. कार्ड परत देताना हसून म्हणाले, “आता खरी सून आणा, मग तिचं नाव घालू. हक्काचं रेशन मिळेल.”

कार्ड रंगुबाईनं घेतलं आणि नीट घडी घातली.

“कशाला, भाऊसाहेब?” ती म्हणाली. “ती तरी कुठं आमच्यात जेवाया येनार हाय?”