रात्रपालची उडी

समतानं पंखा बंद केला, मिक्सर लावू नको म्हणून आईला स्वयंपाकघराच्या दारातूनच बजावलं आणि कॅमेऱ्यासमोर येऊन बसली. मांडीवर तीन कॉमिक्स होती. ताम्रपंख, जलवीर, रात्रपाल. कित्येक वर्षं बंद पडलेले हे तिन्ही महानायक एकाच प्रकाशनानं नव्यानं उभे केले होते, आणि तिघांचेही पहिले अंक याच आठवड्यात मेहकरच्या बसस्टँडवरच्या दुकानात आले होते.

रात्रपालच्या अंकावर चित्रकार म्हणून नाव होतं नागसेनचं, तिच्या थोरल्या भावाचं. आजवर दुकानांच्या पाट्या आणि लग्नाचे बॅनर रंगवणाऱ्या नागसेनला पहिल्यांदाच एवढं मोठं काम मिळालं होतं. तेही तीन अंकांपुरतं, पुढचं वाचकांवर. आणि वाचक समताचा कॉमिक्स-परीक्षणाचा यूट्यूब चॅनल बघून अंक घेतात, हे प्रकाशकालाही ठाऊक होतं.

"दादा, तू जरा बाहेर जाय ना."

"काऊन? माह्यी खोली हाये," कॅमेऱ्यामागच्या स्टुलावर बसत नागसेन म्हणाला. "तू नेहमी बोलते तशी बोल."

दर रविवारी ती वऱ्हाडीतच बोलायची. सुरुवातीला पुण्याकडची पोरं कमेंटमध्ये हसायची. आता तीच पोरं तिची वाक्यं एकमेकांना पाठवत. निकाल मात्र तिच्याकडे तीनच: विकत घ्या, कुणाकडून तरी मागून वाचा, राहू द्या.

"ताम्रपंखाले पंख कसे फुटले हे सांगण्यातच अर्धे पानं गेले," तिनं सुरुवात केली. "अरे बाप्पा, ते आमाले पाठ हाये! पुढं काय झालं ते सांगा ना. मागून वाचा." जलवीर तिला मनापासून आवडला होता. "नदीतल्या वाळूचोरायच्या मागं लागलेला महानायक मी पह्यल्यांदा पाह्यला. पान उलटलं का पाण्याचा रंग बदलते. विकत घ्या."

मग तिनं रात्रपाल उचलला आणि क्षणभर कॅमेऱ्याच्या मागं पाहिलं. नागसेन खाली मान घालून नखातला रंग खरवडत होता.

"याचा चित्रकार माहा सख्खा भाऊ हाये. समोरच बसला हाये," ती म्हणाली. "गोष्ट झकास हाये. कमी पडलं ते चित्रात. पाचव्या पानावर रात्रपाल पाण्याच्या टाकीवरून उडी मारते. पुढच्या चौकटीत पाहा, सरळ उभा! पायाले माती नाही, डोक्याचा केस हालला नाही. उडी मारून आला का जिना उतरून आला? जुन्या अंकातला माणूस जसाच्या तसा उतरवला हाये. जुने वाचक नाराज होतीन म्हून भिऊन भिऊन काढलेला. जो कोनालेच भीत नाही त्याले भिऊन काढलं, तं कसं होईन?" तिनं अंक मिटला. "राहू द्या."

कॅमेरा बंद झाला आणि दारातून आवाज आला. आई, कलाबाई, तिथं कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणाला कळलंच नव्हतं.

"तो जलवीरवाला तुहा कोन लागते वो? त्याचं विकत घ्या आन घरच्याचं राहू द्या? याचं काम गेलं तं?"

"आई, आज याच्यासाठी खोटं बोलली, तं उद्या माह्यं खरं कोन ऐकन?"

"नाही ऐकलं तं नाही ऐकलं! लोकं आपल्या माणसाले वर ढकलतात, आन तू..."

"टाक व्हिडिओ," नागसेन म्हणाला. "टाकून दे. काही कापू नको." चपला पायात सरकवून तो बाहेर निघून गेला.

समतानं व्हिडिओ टाकला. बोलली त्यातला एकही शब्द तिला परत घ्यावासा वाटत नव्हता. तरी जेवताना तिची नजर सारखी दाराकडे जात होती. कलाबाईंनी तिला भाजी वाढली आणि नागसेनचं ताट झाकून ठेवलं.

नागसेन परतला तेव्हा गुडघ्यापर्यंत धुळीनं माखला होता. तळहात सोलवटला होता.

"काय केलं रे हे?" कलाबाई धास्तावल्या.

"शाळेच्या भिंतीवरून उड्या मारून पाह्यल्या. पन उडी मारता मारता सोताले कसं पाहावं?" टेबलावर दुसऱ्या अंकाची तयार पानं पडली होती. ती त्यानं उचलून कपाटावर टाकली, कोरा कागद लावला आणि समताकडे वळला. "चढ पलंगावर."

"मी?"

"उडी खोटी हाये हे तूच सांगतलं ना जगाले? मंग खरी मारून दाखव."

समतानं ओढणी कमरेला आवळली, पलंगावर चढली आणि धाडकन फरशीवर आली. एक गुडघा टेकलेला, एक तळवा जमिनीला चिकटलेला, अर्धे केस तोंडात.

"माय वो! हात मोडून घेशीन!" कलाबाई पुढं धावल्या.

"आई, तिले हात लावू नको!" नागसेन ओरडला. "समता, हालू नको."

ती हलली नाही. गुडघा ठणकत होता. डोक्याच्या वर कुठंतरी पेन्सिल भराभर चालल्याचा आवाज येत होता.

कलाबाई पदरानं हात पुसत नागसेनच्या खांद्यामागून कागदावर वाकल्या, एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा चित्राकडे.

"डावा पाय वाकडा पडला हाये तिचा," त्या म्हणाल्या. "तसाच काढजो."