शंभर-शंभर लिटर

घर उबदार ठेवणारा बॉयलर आता तेलाऐवजी गॅसवर चालवा, असा परगावच्या लेकाने फोनवरून लकडाच लावला, म्हणून आजी अर्ज घेऊन गॅसच्या कचेरीत आल्या. काउंटरवरच्या मुलीने वर्षभराच्या पावत्या चाळून कॅल्क्युलेटर बडवला.

“बाराशे लिटर तेल, म्हणजे गॅसची साधारण पावणेतेरा हजार युनिटं. पण आजी, सगळं तेल एका फेरीत आलं असतं की! दर महिन्याला शंभर-शंभर लिटर कशाला मागवत होतात? टाकी गळकी आहे का?”

“टाकी ठणठणीत आहे गं बाई. मला सांग, गॅस घेऊन कोण येतं?”

“कोणी नाही. पाइपातून आपोआप येतो.”

“आणि मीटर बघायला?”

“तेही आम्हाला इथे बसल्याबसल्या दिसतं. तुम्हाला दारसुद्धा उघडायला नको. सुटलात बघा!”

आजींनी अर्ज हळूच मागे ओढला आणि घडी करून पिशवीत ठेवला.



“तेलवाला दर महिन्याला फाटकातूनच हाक मारतो, ‘आजी, आहात ना?’ त्याची युनिटं धरायची राहिली बघ, पोरी.”