डॉक्टरांचं वाक्य

मोठ्या माणसांच्या इंग्रजीच्या वर्गात डॉक्टर-पेशंटचं नाटक ठेवलं की निम्मा तास हसण्यातच जातो. आज डॉक्टर व्हायची पाळी सुतारकाकांची होती. एरवी इंग्रजीचे दोन शब्द जुळवताना त्यांना घाम फुटतो, म्हणून मी मदतीला शेजारीच उभी राहिले.

काकांनी स्टेथोस्कोप म्हणून गळ्यात इअरफोन अडकवला, पेशंट होऊन समोर बसलेल्या मावशींची नाडी पाहिली आणि जराही न अडखळता म्हणाले, “देअर इज नथिंग मोर वुई कॅन डू.”

अर्थ वर्गातल्या कोणालाच कळला नाही, तरी टाळ्या पडल्या.

“हे कुठे शिकलात, काका?” मी विचारलं.

“परवा माझे रिपोर्ट बघून डॉक्टर हेच म्हणाले. तेव्हापासून घोकतोय.”

“आणि त्याचा अर्थ?”

“लेकीने सांगितला की तिथल्या तिथे. म्हणाली, आता काही करायची गरज उरली नाही बाबा, घरी चला.” काकांनी इअरफोन काढून नीट गुंडाळला. “बरोबर बोललो ना, बाई?”



“अगदी बरोबर,” मी म्हणाले आणि पुढच्या जोडीला उठवलं.