नारळाचा मान

"सिंधू, नारळ काढ. फोडायचा मान मालूचा," शिखरावर पोचताच मोहिमेचे नेते म्हणाले.

अंटार्क्टिकातल्या त्या निनावी डोंगरावर नारळ वाहून आणला होता सिंधूने. दोरावर पुढे मालू, फोटोत मधोमध मालू. निदान नारळ तरी आपल्या हातून फुटेल, अशी तिला आशा होती. तेवढ्या थंडीतही तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने सॅक उघडली. पाणी गोठून नारळ केव्हाच तडकला होता.

"फोडलास की गं आधीच!" मालू खळखळून हसली. "तुझ्या पाठीवर फुटला, म्हणजे मान तुझाच, बाई!" तिने खोबऱ्याचा पहिला तुकडा सिंधूच्या तोंडात कोंबला.

इतकी वर्षं सिंधूला मालूच्या पायांचा हेवा वाटत होता. आता तिच्या मनाचाही वाटू लागला.